ओसरी कधी सोडताय?

१८ नोव्हेंबर २००७

घेतलं! कारखान्याचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत एक नाव घेतलं. धूपछाँव. रोमन अक्षरांत, पुढे डॉट कॉम. आता जगात दुसऱ्या कुणाला ते घेता यायचं नाही.

मीनाने बंगलोरहून फोनवर एकेक बटण सांगितलं. कॉम्प्युटर तिचाच जुना, कार्डही तिचंच. तिच्या ऑफिसातल्या एकाने म्हणे असंच एक नाव घेऊन ठेवलं होतं, आणि एका चहाच्या कंपनीला नेमकं तेच हवं झालं. नाव घ्यायचं, 'विकणे आहे' अशी पाटी लावायची, गिऱ्हाइकाची वाट बघायची. झाला धंदा. दुकान नको, माल नको, नोकर नको. मला हे आवडलं.

मीना म्हणाली, "आई, घेतलं म्हणजे कायमचं तुझं नाही हं. वर्षाचं असतं. दर वर्षी भरायचं. नाही भरलंस तर थोडे दिवस सवलत, मग दंड, मग दुसरा कोणी घेणार."

मी म्हटलं, "म्हणजे आपलं कंपनीचं क्वार्टरच की."

तिला वाटलं होतं हे मला समजवायला आठवडा जाईल. अगं बाई, मी क्वार्टरमध्ये जन्मले, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडच्या क्वार्टरमध्ये आले. वापरायचं पण आपलं नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

ह्यांनी पेपरमागून विचारलं, "काय घेतलंस?" "नाव." "कुणाचं?" "कुणाचंच नाही." पेपर पुन्हा वर गेला.

१९ नोव्हेंबर

अजून आहे. उठल्या उठल्या बघितलं.

२७ नोव्हेंबर

नावं सुचायला लागली की थांबत नाहीत. मटार सोलताना, कपडे वाळत घालताना, सगळीकडे. उन्हाची तिरीप. सांजवात. पाटवडी. घरात कुणी नाही ना बघून मोठ्याने म्हणते. कानाला गोड लागलं की धावत कॉम्प्युटरपाशी — रिकामं आहे का? बहुतेक रिकामंच असतं! तिरीप आणि पाटवडी तर घेऊनही टाकली. एवढी सुंदर नावं आणि कुणी राहायला गेलं नाही.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात आपलीच टाउनशिप, पण संपतच नाही. गुलमोहर, मेंदीची कुंपणं, पिवळे दिवे, आणि एकेका फाटकावर नंबराऐवजी नाव. सगळी घरं रिकामी, सगळ्यांना कड्या आतून न लावलेल्या. मी आपली एकेक फाटक ढकलून बघतेय. कुणी हटकत नाही. जाग आली तेव्हा दूध उतू गेलेलं.

आपल्या क्वार्टरला कधी नाव नव्हतं. बाबांनी एकदा लाकडाची पाटी करून लावली होती, तर इस्टेट ऑफिसचा माणूस येऊन काढायला लावून गेला. कंपनीच्या भिंतीला खिळा मारायचा नाही.

३ डिसेंबर

मीनाने आज माझी शाळा घेतली. "आई, तू नावं घेतेस की कविता करतेस? 'उन्हाची तिरीप' इंग्रजीत कोण कसं लिहिणार? दहा जण दहा तऱ्हांनी लिहितील. लहान नाव घे. एकदा ऐकलं की टाइप करता आलं पाहिजे. आणि कुणाला लागेल याचा विचार कर, तुला काय आवडतं याचा नाही."

मी म्हटलं, मग त्या बिस्किटवाल्या मोठ्या कंपनीच्या नावापुढे भोपाळ लावून घेऊ का? लहान आहे, सगळ्यांना येतं. तर ओरडलीच. "ते घेणं नाही, तो कब्जा. नोटीस येईल."

बरं. कब्जा नाही करायचा. पण पाटवडीला गिऱ्हाईक नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

११ डिसेंबर

गिऱ्हाइकाची वाट बघण्यापेक्षा आपणच जावं म्हणून आज जवाहर चौकात गेले. मिठाईवाला, चपलांचा दुकानदार, शेवटी पडदेवाला. पडदेवाल्याला धूपछाँव सांगितलं. त्याने कापडाचं थान गुंडाळता गुंडाळता मान वर केली. "नाम तो अच्छा है मैडम. पर दुकान तो यहीं है, इंटरनेट पे पर्दा कहाँ टाँगेंगे?" दुकानातली सगळी हसली. मीही हसले. काय करणार?

पण घरचा नंबर ठेवून आले.

येताना मिनीबसच्या खिडकीतून तलाव दिसला. थंडीच्या दुपारी त्याला एक राखाडी चकाकी येते. हे गाव सोडून नागपूरला जायचं, या विचाराने तलाव दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघत राहिले.

१६ डिसेंबर

हो, लिहूनच टाकते. हे एकतीस मार्चला रिटायर होतायत. त्यानंतर थोडे महिने क्वार्टर ठेवू देतात, मग सोडायचं. सुधाकर भावजी — ह्यांचे धाकटे भाऊ — नागपूरहून आज पुन्हा फोनवर: "दादा, वरचा मजला बांधून घे, तुमचाच आहे." हे खूश. ह्यांचं बालपण तिथलं, ह्यांचे मित्र तिथे. ह्यांनी मला विचारलं नाही, कारण ह्यांना वाटतं यात विचारण्यासारखं काही नाही.

आणि मी बोलले नाही. काय सांगू? माझं माहेर म्हणजे भिंतीला खिळा न मारायची जागा. तिथे आता कोणी तिसरंच राहतं. पण मला पाण्याची वेळ इथली माहीत आहे, भाजीवाली इथली, हिवाळा इथला. नागपूरला मी पाहुणी असणार, तेही जाऊबाईच्या डोक्यावर.

मनात एकच घोकतेय — एखादं नाव चांगलं विकलं गेलं तर मला तोंड उघडायला बळ येईल. तोवर गप्प.

४ जानेवारी २००८

आज ते सुचलं. ओसरी.

वास्तविक मी ओसरीत कधी राहिले नाही. क्वार्टरला ओसरी नसते; दार उघडलं की रस्ता. पण हे नाव मनात आलं आणि मी दोन मिनिटं हातात लाटणं घेऊन नुसती उभी. लहान. एकदा ऐकलं की लिहिता येतं. धावत गेले, तर घेतलेलं!

इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे नाव टाकलं की मालकाचं नाव, पत्ता, फोन, मुदत सगळं दिसतं. टाकलं. इंदुमती चौबळ. कोलार रोड, भोपाळ! मला वाटलं होतं अमेरिकेत असेल कोणी. मुदत फेब्रुवारीत संपतेय. पाटी नाही, फोटो नाही, उघडलं की कोरं पान. म्हणजे घेऊन ठेवलंय आणि विसरलंय.

मीनाला सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच असणार, आवाजावरून. "आई, हे सोनं आहे. माझ्या ओळखीचा एक जण कोकणात रिसॉर्ट काढतोय, त्याला अगदी असलंच नाव हवंय. मी त्याला विचारून ठेवते. तू काही करू नकोस. मुदत संपू दे, सवलतीचे दिवस जाऊ देत, नाव पडलं की झेलायची व्यवस्था मी लावते. फक्त गप्प बस."

गप्प बसायचं तर मला येतं. सराव आहे.

९ जानेवारी

मीनाच्या ओळखीचा 'हो' म्हणाला. मिळालं तर घेणार, आणि चांगली किंमत देणार.

मला मात्र स्वस्थता नाही. कुणाच्या घराची मुदत संपायची वाट कोपऱ्यावर उभं राहून बघायची? टाउनशिपमध्ये असं कोणी करत नाही. कुणाचं क्वार्टर हवं असेल तर आपण डबा घेऊन त्यांच्याकडे जातो, चहा घेतो आणि तोंडावर विचारतो — कधी सोडताय? पहिला जो विचारेल त्याला सोडणारा शब्द देतो, आणि मग साहेब आला तरी शब्द मोडत नाही. हे क्वार्टर आम्हाला तसंच मिळालं. सोडणाऱ्या बाईंनी जाताना कढीपत्त्याला पाणी कधी घालायचं तेसुद्धा सांगितलं होतं. झाडं कोणी उपटून नेत नाही.

१७ जानेवारी

गेले. संक्रांतीच्या वड्या डब्यात घातल्या आणि गेले कोलार रोडला.

सगळीकडे बांधकाम, धूळ, अर्ध्या इमारती. आणि मध्येच एक बैठं घर. फाटकावर पाटी — ओसरी. आणि आत खरंच ओसरी! लाल कोबा, दोन वेताच्या खुर्च्या, कठड्यावर मधुमालती चढलेली, आणि उन्हाची एक मोठी चौकट जमिनीवर पडलेली. मी फाटकातच उभी राहिले. जिथे कधी राहिले नाही तिथे परत आल्यासारखं वाटलं. कसं सांगू?

इंदुमतीबाई सत्तरीच्या, बारीक, पांढरा अंबाडा. मी म्हटलं, "मी वसुधा. टाउनशिपमधून आलेय. तुमचं इंटरनेटवर ओसरी नावाचं जे आहे ना, त्याची मुदत फेब्रुवारीत संपतेय. मला ते हवंय. म्हणून विचारायला आले — ठेवताय की सोडताय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग खळखळून हसल्या. "कारखान्यातल्या का? आमचे हेही तिथलेच. पंधरा वर्षं राहिलो इंद्रपुरीकडच्या गेटजवळ, क्वार्टरमध्ये." मला खुर्चीत बसवलं. मुलाने हौसेने ते नाव घेऊन दिलं होतं, दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या होत्या, राहून गेलं. "संपतंय हे मला ठाऊकच नव्हतं. बरं झालं आलात. राहू दे गं ते, घराचं नाव आहे." आणि माझ्यासमोर मुलाला फोन लावून सांगितलं, भरून टाक म्हणून.

भरलंसुद्धा.

मग आम्ही चहा घेतला. उन्हाची चौकट हळूहळू माझ्या पायांवर आली. मी नाव गमावून बसले होते आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. निघताना त्या म्हणाल्या, "विचारायला आलात हे मला फार आवडलं. हल्ली विचारतं कोण."

१८ जानेवारी

मीना: "आई, असं कोणी सांगतं का? मालकालाच जाऊन? डबा घेऊन?"

रिसॉर्टवाल्याने दुसरं काहीतरी घेतलं.

ह्यांना सांगितलं तर हे डोळ्यांतून पाणी येईतो हसले. दुपारी जेवताना पुन्हा हसले. "वड्या पण दिल्यास?" हो, दिल्या.

३० जानेवारी

काही नाही. पाटवडीला अजून कोणी विचारलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

विकलं!! धूपछाँव विकलं!

पडदेवाल्याचाच फोन. त्याची सून दिल्लीची, तिने त्याला पटवलं. "मैडम, वो नाम अभी है क्या? बहू पीछे पड़ी है." मी मुद्दाम थोडं थांबले. धंद्यात थांबायचं असतं, मीनाने सांगितलंय. मग म्हटलं, है. त्याने घासाघीस केली, मीही केली, अगदी भाजीवालीशी करते तशी. मीनाने तिकडून नाव त्याच्या सुनेच्या खात्यावर करून दिलं आणि त्याने पाकीट माझ्या हातात ठेवलं. वर एक पडद्याचं कापड भेट.

आयुष्यातली पहिली कमाई. चोपन्नाव्या वर्षी. बसस्टॉपवर उभी राहून एकटीच हसत होते, शेजारची बाई सरकली.

घरी येऊन ते पान उघडलं तर माझी पाटी गेलेली. जरासं वाईट वाटलंच. पण तिथे आता कोणीतरी राहायला येईल.

ह्यांनी पेपरमागून नुसतं बघितलं. संध्याकाळी मात्र कुंपणावरून शेजारच्या वाघांना सांगताना ऐकलं — "आमच्या हिने जवाहर चौकात मार्केट केलंय." मार्केट म्हणे!

२४ फेब्रुवारी

बळ आलं होतं म्हणून आज बोलले. सरळ. "मला नागपूरला जायचं नाही. मला भोपाळमध्येच राहायचंय."

ह्यांचा घास हातातच राहिला. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ह्यांनी घास ताटात परत ठेवला. मग हे म्हणाले, "राहणार कुठे? इंटरनेटवर?"

टोमणा होता, पण चुकीचा नव्हता. ह्यांनी मागच्या वर्षभरात तीन घरं पाहिली होती, मला न सांगता. ते आज कळलं. एकात पाणी नाही, एकाचे कागद नीट नाहीत, एकात वर-खाली चार बिऱ्हाडं. "मला काय हौस आहे भावाच्या डोक्यावर बसायची?" म्हणाले. "पण वसुधा, साठीला कुठेतरी डोकं टेकायला पाहिजे ना."

मी रागावले होते, आता तेही जमेना.

२५ फेब्रुवारी

ह्यांनी सकाळचा चहा केला. साखर विसरले. मी प्यायले.

९ मार्च

आज आपल्याच दारात डबा आला. नवीन लग्न झालेलं जोडपं, मुलगा कारखान्यात ह्यांच्याच शॉपमध्ये लागलाय. मुलगी सागर गावची, अजून बांगड्यांचा आवाज होतो. डब्यात गुजिया, म्हणजे आपल्या करंज्याच. "आंटी, आप लोग कब छोड़ रहे हैं?"

विचारायला आलेल्याला नाही म्हणता येत नाही. ह्यांनी शब्द दिला. तिला घर दाखवलं — मोरीचा नळ अर्धाच फिरवायचा, मागच्या खिडकीतून एप्रिलमध्ये ऊन येतं, पपईला पाणी एक दिवसाआड. तिने कढीपत्त्याचं पान चुरगळून वास घेतला. मी आत जाऊन डोळे पुसले. तिची काही चूक नाही, मीही इथे अशीच आले होते.

निघताना तिने विचारलं, "आप कहाँ जाएँगे?" हे म्हणाले, "नागपुर." मी डबा धुवायला घेतला.

१९ मार्च

ह्यांनी सांगितलं, रंगपंचमी झाली की सुधाकर भावजींना पैसे पाठवायचे, बांधकाम सुरू करायला. एकदा ते गेले की गेले. मी 'बरं' म्हटलं. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पुस्तकं खोक्यात भरली.

नावांचंही बघायला हवं. मीनाला म्हटलं, पाटवडी आणि तिरीप पुढच्या वर्षी भरू नकोस, सोडून दे. ती म्हणाली, "आई, तू एवढ्यात हरू नकोस गं." हरले नाही. ज्याला लागेल त्याने राहावं, एवढंच.

दुपारी पुन्हा ते स्वप्न. लांबच लांब रस्ते, रिकामी घरं, पिवळे दिवे. या वेळी एका ओसरीवर माझा वड्यांचा डबा ठेवलेला. खरंच की, डबा परत आणायचा राहिलाय.

२५ मार्च

इंदुमतीबाईंचा फोन. मला वाटलं डब्यासाठी.

"वसुधाबाई, मी मुलाकडे निघाले, कायमची. घर विकायला काढतेय. दोघं दलाल येऊन गेले, पण मी त्यांना थांबवलंय. तुम्ही आधी विचारायला आला होतात. नावासाठी का असेना, पण आधी तुम्ही. तुम्ही नाही म्हणालात तरच दुसऱ्याला. मधुमालती काढत नाही मी, आणि पाटीही राहू देते."

हे समोर बसले होते, सुधाकर भावजींच्या नावाचा चेक लिहीत. मी फोनवर हात ठेवून सगळं सांगितलं. ह्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कोबा आहे म्हणालीस ना? आणि ऊन सकाळचं?"

"सकाळचं."

उठलेत. चपला शोधतायत. "चल," म्हणतायत, "वड्या नाहीत तर निदान केळी घे बरोबर, विचारायला जायचंय." एवढं लिहून निघतेच.